वायपर नेमका अडतो कुठे?

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे वायरिंग

या खेपेच्या पत्रांत वायपरच वायपर आहेत, आणि बऱ्याच जणांनी मोटर बदलून झाल्यावर पत्र लिहिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे १२ व्होल्टच्या, बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या आणि दोन वेगांची, कायम चुंबकाची मोटर असलेल्या गाडीसाठी आहेत. वायरच्या रंगांबद्दल आम्ही काही सांगणार नाही. ते कंपनीगणिक बदलतात, आणि जुन्या गाडीत मधल्या काळात कोणी ना कोणी हाताला लागेल त्या रंगाची वायर घातलेली असते. अनेक युरोपीय बनावटीच्या मोटरींवर मात्र आकडे कोरलेले असतात, ते जास्त भरवशाचे. ३१ म्हणजे अर्थ (बॉडीकडे, निगेटिव्हला जाणारी वायर), ५३ कमी वेग, ५३बी जास्त वेग, ५३ए म्हणजे चावी ऑन केल्यावर मिळणारा पॉझिटिव्ह आणि ५३ई म्हणजे मोटरमधल्या पार्किंगच्या कॉन्टॅक्टकडून स्विचकडे जाणारी वायर. पुढे हेच आकडे वापरले आहेत. तुमच्या मोटरीवर आकडे नसतील तर गाडीच्या सर्किटच्या नकाशावरून या पाच वायरी आधी ओळखून घ्या.

प्रश्न : दोन्ही वेग व्यवस्थित आहेत, पण स्विच बंद केला की वायपर असेल तिथेच काचेवर थांबतो. स्विच बदलू का?

इतक्यात नको. दोन्ही वेग ठीक आहेत म्हणजे मोटर, तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन, अर्थ आणि स्विचचे मुख्य कॉन्टॅक्ट हे सगळे संशयातून सुटले. उरला पार्किंगचा मार्ग. तो एकदा नीट समजून घेतला की वायपरचे अर्धे कोडे तिथेच सुटते.

मोटरच्या गिअरच्या डब्यात, गिअरवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला, पितळी पट्टीचे एक चक्र असते आणि त्यावर स्प्रिंगचे कॉन्टॅक्ट घासत फिरतात. गिअरचा एक फेरा म्हणजे पात्यांची एक ये-जा. पाती काचेवर असेपर्यंत हे कॉन्टॅक्ट ५३ए आणि ५३ई यांना एकत्र जोडतात, म्हणजे ५३ई वर पॉझिटिव्ह असतो. पाती तळाला पोचली की ५३ई पॉझिटिव्हपासून सुटते आणि ३१ ला, म्हणजे अर्थला, जोडली जाते. तुम्ही स्विच बंद करता तेव्हा स्विच फक्त ५३ई आणि ५३ या वायरी एकमेकींना जोडतो. त्यामुळे स्विच बंद असूनही पाती तळाला येईपर्यंत मोटरला वीज मिळत राहते. तुमच्या गाडीत ही साखळी कुठेतरी तुटली आहे. अनेक गाड्यांत ती इंटरव्हल रिलेमधून (वायपर थांबून थांबून चालवणाऱ्या रिलेमधून) जाते, हे विसरू नका.

तपासणी अशी. चावी ऑन, पाती काचेच्या मध्यावर थांबलेली, मोटरचा कपलर (वायरींचा प्लग) जागेवर. कपलरच्या मागच्या बाजूने टोक घालून २१ वॅटचा बल्ब ५३ए आणि बॉडी यांच्यामध्ये लावा. पेटला नाही तर फ्यूज किंवा ५३ए ची वायर पाहा. पेटला तर बल्ब ५३ई वर आणा. इथे तो विझलेला किंवा लालसर राहिला तर मोटरमधला कॉन्टॅक्ट खराब आहे. इथेही लख्ख पेटला तर मोटर निर्दोष; पुढे वायर, रिले आणि मग स्विच. रिले काढून, त्याच्या सॉकेटमधली मोटरकडून येणारी ५३ई आणि स्विचकडे जाणारी वायर १० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या तुकड्याने जोडा. वायपर खाली आला तर रिलेचा दोष. आला नाही, तरच स्विचला हात लावा.

बल्बच का? मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या कॉन्टॅक्टमधूनही तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि तेवढे देताना दुबळा सांधा उघडा पडतो.

मोटरमधला कॉन्टॅक्ट साफ करताना डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी त्याच्या जागेवर खूण करा, कारण काही जुन्या मोटरींत झाकण फिरवूनच थांबण्याची जागा ठरवलेली असते. आत बहुधा मेणासारखे झालेले ग्रीस सापडेल. ते खरवडून काढा, पितळी पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काळे डाग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घालवा. स्प्रिंगचे कॉन्टॅक्ट दबलेले असतील तर जेमतेम एक मिलिमीटर उचला. जास्त ताण दिला तर ते पट्टीच कापून काढतात. नवे लिथियम ग्रीस गिअरच्या दात्यांना लावा, पट्टीवर गोळा ठेवू नका.

प्रश्न : आमच्याकडे नेमके उलटे आहे. बंद केला तरी वायपर थांबत नाही, चावी काढावी लागते. कोरड्या काचेवर मात्र कधी कधी थांबतो.

शेवटचे वाक्य लिहिलेत हे बरे झाले, त्यात बरेचसे उत्तर आहे. फक्त पॉझिटिव्ह तोडला तर फिरती मोटर वेगाच्या भरात पुढे जाते. म्हणून तळाला आल्यावर ५३ई अर्थला जोडली जाते. त्यामुळे आर्मेचरची (मोटरच्या आतल्या, तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाची) दोन्ही टोके एकत्र येतात, फिरती मोटर क्षणभर जनरेटर होते आणि तिचाच करंट तिला जागच्या जागी रोखतो. हा अर्थ दुबळा असेल तर मोटर थांबण्याची जागा ओलांडते, पुढे पुन्हा पॉझिटिव्ह सापडतो आणि दुसरी फेरी सुरू होते. ही साखळी संपतच नाही. कोरड्या काचेचे घर्षण ब्रेकचे काम करते म्हणून तिथे वायपर थांबतो.

पाती कशीबशी तळाला आणून चावी काढा आणि ५३ई ते बॉडी रोध मोजा. मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायला विसरू नका. उरलेला आकडा अर्ध्या ओहमच्या वर असेल तर पार्किंगची पट्टी आणि मोटरचा अर्थ, दोन्ही साफ करा. आकडा चांगला आला तर रिले उपसून पाहा. त्याचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटलेले असतात. तरीही मोटर फिरतच असेल तर स्विचचा कपलर काढा. त्यावर थांबली, तर स्विचमध्ये चिकटलेला कॉन्टॅक्ट आहे.

प्रश्न : पावसात वायपर रखडतो, हेडलाइट लावले की आणखी मंदावतो. नवी मोटर घातली, काडीचाही फरक नाही.

पडणारही नव्हता. मंद वायपरची कारणे दोनच : पुढे ओझे जास्त, किंवा मागून वीज कमी. आधी ओझे पाहा. मोटरच्या शाफ्टवरच्या क्रँकचा नट काढा. त्याआधी क्रँक आणि शाफ्ट यांवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. मग पाती हाताने फिरवा. ती दोन बोटांनी, कुठेही न अडखळता फिरायला हवीत. जुन्या गाड्यांत पात्यांच्या स्पिंडलचे बुश कोरडे पडतात, आणि अॅल्युमिनियमच्या घरात पोलादी स्पिंडल असेल तर पांढरी भुकटी धरून जवळपास जाम होतात. स्पिंडल काढून, घासून, ग्रीस घालून परत बसवणे हाच इलाज. वरून तेल मारल्याने चार दिवस बरे वाटते, इतकेच. हे काम करताना कपलर काढून ठेवा. मोटरच्या गिअरमध्ये बोट मोडण्याइतका जोर असतो, आणि पार्किंगमुळे ती अवचित फिरू शकते.

लिंकेज (मोटर आणि पाती यांना जोडणारे दांडे) मोकळे निघाले तर आता वीज. इंजिन चालू, काच ओली, वायपर जास्त वेगावर, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. बॅटरीच्या दोन टोकांत साधारण १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे मोटरच्या उघड्या धातूवर ठेवा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेले तर अर्थ दुरुस्त केलाच पाहिजे. तिसरे मोजमाप बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या ५३बी पर्यंत. हा रस्ता लांबचा आहे, चावीचा स्विच, फ्यूज, वायपरचा स्विच, तीन-चार कपलर. जुन्या गाडीत इथे एका व्होल्टच्या आत असेल तर चालवून घ्या. जास्त असेल तर मोटरकडचे टोक एकेक सांधा मागे नेत जा. जिथे आकडा एकदम उतरेल त्या सांध्यात चोर आहे.

हे मोजमाप वायपर चालत असतानाच करायचे. तीस तारांच्या वायरीत एकच तार शिल्लक असली तरी ओहमचे मीटर शून्याच्या आसपास दाखवते. पाच अँपिअर वाहताना मात्र ०.४ ओहमचा सांधा दोन व्होल्ट खातो, आणि तेवढ्याने मोटरचा वेग आणि जोर दोन्ही पडतात.

तुमच्या पत्रातली हेडलाइटची गोष्ट अर्थकडे बोट दाखवते. दिवे आणि वायपर एकाच स्क्रूवर अर्थ झाले असतील आणि तो स्क्रू गंजला असेल तर एकाचा करंट दुसऱ्याची वीज खातो. शिवाय वायपरची मोटर आवाज कमी व्हावा म्हणून रबरी बुशांवर बसवलेली असते, म्हणजे बोल्ट घट्ट असले तरी तिला बॉडीचा अर्थ मिळत नाही. तिचा सारा भार एका वायरीवर किंवा विणलेल्या पट्टीवर असतो. जंप केबलने बॅटरीची निगेटिव्ह थेट मोटरच्या बॉडीला लावून पाहा. वेग वाढला तर निदान झाले. मग रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, रिंग टर्मिनल आणि दातेरी वॉशर लावून आवळा, आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली फासा.

सिरॅमिकचे लांबट, दोन्ही बाजूंनी टोकदार फ्यूज असलेल्या गाडीत ते न जळताही त्रास देतात. त्यांच्या पट्टीवर आणि क्लिपवर काट चढतो. क्लिप घासा, फ्यूज नवे घाला.

प्रश्न : कमी वेग मेला आहे, जास्त वेग झकास. मोटर उघडावी लागेल का?

आधी एक गोष्ट पाहा : जास्त वेगावरून थेट बंद केल्यावर वायपर स्वतःहून तळाला येतो का? पार्किंगची वीजही ५३ च्याच कार्बनमधून जाते. म्हणून पाती तळाला येत असतील तर तो कार्बन शाबूत आहे आणि दोष स्विचच्या कमी वेगाच्या कॉन्टॅक्टमध्ये आहे. मोटर उघडायची गरज नाही. येत नसतील तर कपलर काढा, मोटरची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा आणि १५ अँपिअरच्या फ्यूजमधून ५३ ला थेट पॉझिटिव्ह द्या. तरीही हलली नाही, तर उघडा.

आत तीन कार्बन दिसतील. एक अर्थचा, त्याच्या बरोबर समोर कमी वेगाचा आणि तिरप्या जागी जास्त वेगाचा. तिरप्या कार्बनमुळे आर्मेचरचे काही वळसे मोजणीतून वगळले जातात, मोटरची स्वतःची उलट वीज कमी पडते आणि ती जोरात फिरते.

मोटरच्या चुंबक असलेल्या नळकांड्यावर आणि गिअरच्या डब्यावर खूण करूनच नळकांडे ओढा. ते अर्धा फेरा फिरवून बसले तर चुंबकांचे ध्रुव उलटतात आणि मोटर उलटी फिरते. चुंबक ठिसूळ असतात. नळकांडे व्हाइसमध्ये आवळू नका, हातोडीने ठोकू नका. कार्बन ५ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर तिन्ही बदला. नव्या कार्बनची विणलेली तार सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न पटकन लावून पटकन काढा. सोल्डर तारेत वर चढले तर ती ताठ होते आणि कार्बन झिजेल तसा खाली सरकत नाही. कॉम्युटेटर (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्या, ज्यांवर कार्बन घासतात) ६०० नंबरच्या पेपरने गोलाकार घासा, एमरी कापडाने नव्हे, त्याचे कण आत रुततात. पट्ट्यांमधल्या खाचांतली काजळी हॅक्सॉच्या पातळ पात्याने काढा. शेजारशेजारच्या दोनच पट्ट्या जळून काळ्या झाल्या असतील तर आर्मेचरचा वळसा तुटला आहे, मग कार्बनवर खर्च करू नका.

प्रश्न : १५ अँपिअरचा फ्यूज दर दोन-तीन दिवसांनी जातो. २५ चा घातला तर?

तर वायर जळेल. फ्यूज मोटरीसाठी नसतो, वायरीसाठी असतो. फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब लावा, मोटरचा कपलर काढा, चावी ऑन करून स्विच सगळ्या जागांवर फिरवा. बल्ब लख्ख पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. स्टिअरिंगखालची वळणे आणि इंजिनच्या भिंतीतले रबरी भोक इथे वायरींची जुडी हलवा. जिथे बल्ब लुकलुकेल तिथे टेप सोडा. त्याच फ्यूजवर आणखी काही असेल तर ते आधी बंद ठेवा, नाहीतर त्याचा करंट फसवेल.

बल्ब विझलेलाच राहिला तर मोटर जास्त ओढते आहे. क्रँक काढून चालवली की अशा मोटरीने साधारण एक ते दोन अँपिअर घ्यावेत, ओल्या काचेवर तीन ते पाच. जाम झाली की पंधराच्या वर जाते. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खाचेत जाम मोटर मोजू नका, मीटरचाच फ्यूज जाईल.

प्रश्न : दहा मिनिटे चालतो, थांबतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. फ्यूज मात्र शाबूत.

अनेक मोटरींत तापल्यावर वाकून वीज तोडणारी दोन धातूंची पट्टी असते, ती आपले काम करते आहे. ती काढून टाकू नका. ती का तापते ते शोधा; बहुधा वर सांगितलेले जाम स्पिंडल. कोरड्या काचेवर वायपर चालवणे हेही एक कारण आहे.

प्रश्न : इंटरव्हलवर लावला की पाती चार बोटे सरकतात आणि थांबतात. पुढच्या ठोक्याला आणखी चार बोटे. रिले नवा आहे.

रिले फक्त छोटा धक्का देतो, पाती थांबण्याच्या जागेतून बाहेर पडतील एवढा. फेरी पुरी करण्याचे काम पार्किंगच्या कॉन्टॅक्टचे. म्हणजे दोष पहिल्या प्रश्नातलाच. साधा बंद केला तरी तुमचा वायपर मध्येच थांबत असणार. दोन ठोक्यांमधला वेळ वेडावाकडा झाला असता तर रिलेमधला सुकलेला कपॅसिटर पाहायला सांगितले असते.

प्रश्न : स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात म्हणून मध्ये रिले घालायचा आहे. साधा चार पिनांचा चालेल?

चालणार नाही. तो सुटला की मोटर अधांतरी राहते, पार्किंगही जाते आणि ब्रेकही. पाच पिनांचे, ८७ए असलेले दोन रिले घ्या (८५ आणि ८६ ही कॉइलची टोके; ३० ही पिन रिले सुटलेला असताना ८७ए ला आणि ओढला की ८७ ला जोडली जाते). पहिल्याच्या ८७ ला फ्यूजमधून चावीचा पॉझिटिव्ह, ८७ए ला मोटरकडून येणारी ५३ई. पहिल्याची ३० दुसऱ्याच्या ३० ला जोडा. दुसऱ्याची ८७ए मोटरच्या ५३ ला, ८७ मोटरच्या ५३बी ला. दोन्हींची ८५ बॉडीला. स्विचची कमी वेगाची वायर पहिल्याच्या ८६ वर, जास्त वेगाची दुसऱ्याच्या ८६ वर. शिवाय जास्त वेगाच्या वायरीवरून पहिल्याच्या ८६ कडे एक अँपिअरचा डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा), त्याच्यावरची पट्टी पहिल्या रिलेच्या बाजूला. मोटरची ५३ए आणि ३१ होती तशीच राहू द्या. स्विचकडे जाणारी जुनी ५३ई मोटरपासून सोडवून तिचे टोक टेपने झाका.

दुसरा रिले असा जोडण्याचे कारण म्हणजे ५३ आणि ५३बी यांना एकाच वेळी पॉझिटिव्ह मिळता कामा नये. तसे झाले तर दोन कार्बनांमधले वळसे आपापसात शॉर्ट होऊन आर्मेचर तापते. इंटरव्हल असलेल्या गाडीत हा बदल सर्किटचा नकाशा समोर ठेवूनच करा.

प्रश्न : पाणी उडत नाही, पंपाचा आवाज येतो.

आवाज येतो म्हणजे वीज पोचते. टाकीतली जाळी, नळी आणि शेवटी नोझल या क्रमाने पाहा. नोझलचे भोक बारीक तारेने मोकळे करा. पंप नुकताच बदलला असेल तर दोन वायरी अदलाबदल करून बघा, उलटा फिरणारा पंप गुणगुणतो पण पाणी फेकत नाही. टाकी रिकामी असताना बटण दाबून धरू नका. पंपाचे सील पाण्यानेच ओले राहते.

प्रश्न : बॅटरीची पॉझिटिव्ह बॉडीला असलेली फार जुनी गाडी आहे. ती निगेटिव्ह अर्थ करताना वायपरचे काय?

मोटरवर चुंबक आहेत की तारांची फील्ड कॉइल, ते पाहा. फील्ड कॉइल असेल तर काही करू नका. ध्रुव उलटले की फील्ड आणि आर्मेचर दोन्ही उलटतात आणि मोटर पूर्वीच्याच दिशेने फिरते. चुंबकाची मोटर मात्र उलटी फिरेल. पाती तरीही हलतील, कारण क्रँक पूर्ण फेरा घेतो, पण थांबण्याची जागा सरकू शकते. तिच्या नळकांड्याची रचना तशी असेल तर ते अर्धा फेरा फिरवून बसवा, म्हणजे दिशा पूर्ववत होईल.